पाणी उडतं, मीठ राहतं

घरातला समुद्र : लेखांक ५

मे महिन्यात आमच्या घरचा कूलर दर पंधरा दिवसांनी उघडून धुवावा लागतो. ताटी बाहेर काढली की ती हाताला पापडासारखी कडक लागते. बोटानं दाबली तर पांढरी पूड खाली पडते. टाकीच्या कडेला, पाणी जिथपर्यंत भरतो त्या रेषेवर, तसाच पांढरा थर धरलेला असतो. लहानपणी मी आईला विचारलं होतं की, रोज नवं पाणी भरतो तरी हे पांढरं येतं कुठून? ती ताटी घासता घासता म्हणाली, “पाणी उडून जाते. क्षार कुठी जाईन?”

समुद्री माशांची टाकी सांभाळायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. या काळात खाऱ्या पाण्याबद्दल जे जे शिकलो, त्याच्या मुळाशी आईचं हे एकच वाक्य आहे. पाणी उडतं, मीठ राहतं. आजच्या लेखात खारं पाणी घरी कसं बनवायचं आणि कसं साठवायचं ते पाहू. यातले बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात, त्यामुळे ते पाठ करावे लागत नाहीत.

मागच्या लेखांकात आपण टाकीची जागा ठरवली, स्टँड तपासला आणि टाकी गोड्या पाण्यानं भरून गळती पाहिली. आता तिच्यात समुद्र भरायचा. पण आमच्या सिंदीहून मुंबईचा किनारा रेल्वेनं जवळपास आठशे किलोमीटर दूर आहे. मग समुद्र आणायचा कुठून?

मुंबईला ही अडचण नव्हती. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं, ते समुद्रासमोरच. तिथल्या टाक्यांना थेट समुद्राचं पाणी मिळायचं. किनाऱ्यापासून दूर असलेल्यांना मात्र दुसरा मार्ग शोधावा लागला. अमेरिकेत शिकागोला १९३० मध्ये शेड मत्स्यालय उभं राहिलं. शिकागो सरोवराकाठी असलं तरी समुद्र तिथून फार लांब. त्या लोकांनी चक्क रेल्वेनं समुद्र आणला. फ्लोरिडातल्या की वेस्टहून पाण्याच्या २० वाघिणींनी ८ खेपा केल्या आणि १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर समुद्राचं पाणी शिकागोत पोचवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली ‘जलदूत’ गाडी ज्यांना आठवते, त्यांना या खटाटोपाचा अंदाज येईल.

दुसरा मार्ग त्याहूनही जुना आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकानं १८५४ मध्ये समुद्राचं पाणी घरी बनवण्याची कृती प्रसिद्ध केली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड असे चार क्षार त्यानं गोड्या पाण्यात विरघळवले. लंडनसारख्या शहरातल्या माणसालाही समुद्री जीव सांभाळता यावेत, हा हेतू. आज आपण जे ‘सॉल्ट मिक्स’ विकत आणतो, ते याच विचाराचं सुधारलेलं रूप आहे.

तसं पाहिलं तर समुद्राचं मीठ आपल्या मुलखाला नवं नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्याचं मीठ आत आणत. लमाण हे नावच ‘लवण’ या शब्दावरून आलं, असं मानतात. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि पुढे मीठ वाघिणीतून येऊ लागलं. तान्ह्या पोळ्यासाठी ओळखलं जाणारं आमचं सिंदी त्याच रुळांवर वसलेलं आहे. आता मिठाची पिशवी कुरिअरनं येते. बैल असो, वाघीण असो की कुरिअर, सगळ्यांनी आणलं ते मीठच. पाणी ज्याचं त्यानं आपल्या गावचं घेतलं.

समुद्रात असतं काय?

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराईड १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियम ०.४ ग्रॅम. एवढ्या सहांनीच ९९ टक्क्यांहून अधिक वजन भरतं. उरलेल्या चिमूटभरात बायकार्बोनेट, ब्रोमाईड, स्ट्रॉन्शियम असे अनेक पदार्थ येतात.

‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष मांडले. खारेपणा ठिकठिकाणी कमीजास्त असतो, पण क्षारांचं आपापसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच राहतं. अरबी समुद्र जास्त खारा, गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी मिसळतं तो बंगालचा उपसागर कमी खारा. पण दोन्हीकडे सोडियमच्या मानानं मॅग्नेशियम किती, कॅल्शियम किती, हा हिशेब एकच. कारण ऊन समुद्रातून नेतं ते फक्त पाणी आणि पाऊस परत देतो तेही फक्त पाणीच. मीठ समुद्रातच राहतं आणि युगानुयुगं एकमेकांत मिसळत जातं.

म्हणून नुसतं खारट पाणी म्हणजे समुद्र नव्हे. आपल्याच विदर्भातलं लोणारचं सरोवर पाहा. पाणी खारं आहे, पण त्यात सोडियमचे कार्बोनेट क्षार भरपूर आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम अगदी कमी. सामू दहाच्या घरात जातो. समुद्रातला मासा त्यात जगणार नाही. स्वयंपाकघरातल्या मिठाचंही असंच आहे. ते सोडियम आणि क्लोराईड देतं, बाकीचे क्षार देत नाही. कोळंबीला कात टाकल्यावर नवं कवच घडवायला कॅल्शियम लागतं. पाण्याचा सामू ८.० ते ८.४ च्या दरम्यान टिकायला बायकार्बोनेट लागतं. ते साध्या मिठात नाही. म्हणून खर्च वाचवायला खडे मीठ वापरू नका. समुद्री टाकीसाठी बनवलेलं सॉल्ट मिक्सच आणा.

आधी गोडं पाणी

खाऱ्या पाण्याची खरी तयारी गोड्या पाण्यापासून सुरू होते. सॉल्ट मिक्समध्ये सगळे क्षार आधीच मापून घातलेले असतात. आपल्या पाण्यात आणखी काही असेल तर ते त्या मापावर चढतं.

आपला भाग काळ्या पाषाणाचा. बोअरचं पाणी जड असतं. कूलरच्या ताटीवरची पांढरी पूड त्याचीच साक्ष देते. माझ्या बोअरच्या पाण्याचा टी.डी.एस., म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, सहाशेच्या आसपास येतो. शेतातल्या खतांमुळे नायट्रेटही उतरलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं असं भारतीय मानक सांगतं. समुद्री टाकीसाठी तेवढं फार झालं. सुरुवातच तिथून झाली तर टाकीत शेवाळ माजतं आणि नाजूक जीव आजारी पडतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते वेगळंच.

म्हणून पाणी आर.ओ.मधून काढून पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डी.आय. रेझिनमधून न्यायचं आणि टी.डी.एस. शून्यावर आणायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आर.ओ. यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं किंवा खनिजं घातलेली असतात. पिण्याला ते चांगलं, पण आपल्या कामाला नाही. मीटर बुडवून पाहा. आकडा ६०-७० दिसला तर रेझिन लवकर संपेल. मिसळणीचा स्क्रू बंद करून घ्या, नाहीतर टाकीसाठी वेगळा फिल्टर बसवा.

आर.ओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. विदर्भात पाण्याचा थेंब किती मोलाचा आहे, ते कुणी सांगायला नको. हे पाणी बादलीत धरा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते चांगलं. कूलरमध्ये मात्र घालू नका, त्यात क्षार आधीच दाटलेले असतात.

पाणी बनवताना

माझी टाकी १२० लिटरची आहे. दर आठवड्याला त्यातलं १२ लिटर पाणी काढून तेवढंच नवं घालतो. एका वेळी ४० लिटर बनवतो, म्हणजे तीन आठवडे निघतात.

भांडं म्हणून खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचं, झाकणाचं, ५० लिटरचं पिंप घ्या. रसायनांचं जुनं पिंप कितीही धुतलं तरी वापरू नका. तांब्याची घागर आपण पिण्याच्या पाण्यासाठी उत्तम मानतो. इथे तीच घातक आहे. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना तांब्याचा अंशही विषासारखा ठरतो. पितळेतही तांबं असतं, म्हणून पिंपाला पितळी तोटी नको. पत्र्याची जस्ताची बादलीही नको.

पिंपात ४० लिटर शुद्ध पाणी भरा आणि पाणी ढवळणारा छोटा पंप सुरू करा. मगच मीठ घ्या. लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे ४० लिटरला दीड किलोला किंचित कमी. समुद्रात ३५ आणि इथे ३७ का? मिश्रणातल्या काही क्षारांनी स्वतःतच पाणी धरलेलं असतं, त्याचं वजन काट्यावर येतं. प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं, ते पिशवीवर वाचा. तरी आधी थोडं कमीच घाला. मीठ वाढवणं सोपं असतं.

क्रम मात्र मोडू नका. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तळाशी मीठ ठेवून वरून पाणी सोडलं तर सुरुवातीला तिथे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट फार दाट होतात. ते एकमेकांना धरतात आणि चुनखडी होऊन तळाशी बसतात. पाणी दुधट दिसतं आणि नंतर कितीही ढवळलं तरी ती पूड विरघळत नाही. कूलरच्या ताटीवरची पूड मुख्यतः हीच. कागदावर माप बरोबर दिसतं, पण पाण्यातलं कॅल्शियम गेलेलं असतं. म्हणून पंपाच्या धारेत एकेक वाटी मीठ सोडा. आधीची वाटी विरली की पुढची.

गरम पाण्यात मीठ लवकर विरघळेल असं वाटतं. चुनखडीचं उलटं आहे, पाणी जितकं गरम तितकी ती लवकर बाहेर पडते. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतलं पाणीही ३५ अंशांच्या पुढे जातं. त्या दिवसांत मी मीठ रात्री उशिरा घालतो, पिंप आतल्या खोलीत ठेवतो आणि बर्फ झालेली पाण्याची बंद बाटली त्यात सोडतो. पाणी २५-२६ अंशांवर आलं की काम निवांत होतं.

पंप रात्रभर चालू द्या. सकाळी पाणी काचेसारखं नितळ दिसलं पाहिजे. या वेळात हवेतला वायू पाण्यात मिसळून सामूही स्थिरावतो. काही कंपन्या कमी वेळ ढवळायला सांगतात, त्यांचं ऐका.

आता माप. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. निळसर काचेवर पाण्याचे दोन थेंब ठेवा, वरचं झाकण हळूच टेकवा, खाली बुडबुडा राहू देऊ नका. अर्धा मिनिट थांबा, मग उजेडाकडे धरून डोळा लावा. वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोघांची रेषा ३५ वर आली पाहिजे. घनतेच्या पट्टीवर ती साधारण १.०२६ ला येते. हे उपकरण महिन्यातून एकदा ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तपासा. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवलं म्हणून ३५ जवळही ते बरोबर असेलच असं नाही.

रेषा ३३ वर आली तर लिटरला सुमारे २ ग्रॅम कमी, म्हणजे ४० लिटरला साधारण ८० ग्रॅम मीठ घाला. ३७ वर आली तर ४० ला ३७ नं गुणा आणि ३५ नं भागा. उत्तर ४२.३. म्हणजे सव्वादोन लिटर शुद्ध पाणी वाढवा. पुन्हा ढवळा, पुन्हा मोजा.

विजेबद्दल एक सूचना. खारं पाणी विजेला सहज वाट देतं आणि मिठाचा पापुद्रा वायरवरून चढत जातो. प्लगच्या खाली वायरला झोळ ठेवा, म्हणजे थेंब प्लगपर्यंत न जाता खाली पडेल. घरात विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. बसवलेला नसेल तर टाकीच्या आधी तो बसवून घ्या.

साठवताना

नव्या पाण्यात जीव नसतो, त्यामुळे ते लवकर खराब होत नाही. घट्ट झाकण, अंधारी जागा आणि आतल्या पंपाला दिवसातून थोडा वेळ फेरी, एवढ्यावर ते तीन-चार आठवडे चांगलं राहतं. वीज गेली तरी या पिंपाची काळजी नको. झाकण मात्र का घट्ट हवं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. उघड्या पिंपातून पाणी उडतं, मीठ राहतं. ४० लिटरचं ३६ लिटर झालं की ३५ चं जवळपास ३९ होतं. म्हणून पिंप भरल्या दिवशी पाण्याच्या पातळीवर मार्करनं रेघ मारा आणि वापरण्याआधी पुन्हा मोजा. टाकीतलं आणि पिंपातलं पाणी तापमानानं आणि खारेपणानं जुळलं की मगच बदला.

मिठाची पिशवीही सांभाळावी लागते. पावसाळ्यात बरणीतलं खडे मीठ पाझरतं हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्यातलं थोडंसं मॅग्नेशियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढतं. सॉल्ट मिक्समध्ये तर ते मुद्दाम भरपूर घातलेलं असतं. मृगाआधीच पिशवी हवाबंद डब्यात ठेवा. ढेकूळ झालेल्या मिठानं पाण्याचं वजन धरलेलं असतं, म्हणून तेवढ्याच वजनात क्षार कमी येतात. बारीक कण तळाशी जातात, तेव्हा प्रत्येक वेळी मीठ काढण्याआधी डबा आडवा करून लोळवा.

रोजची भर

आता मी केलेली सगळ्यात मोठी चूक सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात टाकी थंड राहावी म्हणून मी पाण्यावर पंखा लावला. पाणी थंड राहिलं, पण रोज तीन लिटर उडू लागलं. पातळी खाली गेली की मी पिंपातलं खारं पाणी घालायचो. समुद्राच्या टाकीत समुद्राचंच पाणी घालावं, असं मला सरळ वाटलं. आठव्या दिवशी सकाळी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या माझ्या दोन कोळंब्या दगडाखाली आडव्या पडलेल्या दिसल्या. पाणी मोजलं, ४२.

हिशेब साधा होता. १२० लिटरमध्ये लिटरला ३५ प्रमाणे ४,२०० ग्रॅम क्षार. आठ दिवसांत २४ लिटर नुसतं पाणी उडालं आणि मी २४ लिटर खारं पाणी घातलं, म्हणजे ८४० ग्रॅम क्षार वाढवले. ५,०४० भागिले १२० म्हणजे ४२. ज्या जिवांना मी समुद्र देत होतो, त्यांच्यासाठी मीच तो आटवून दाट करत होतो. त्या दोन कोळंब्या आजही आठवतात.

तेव्हापासून नियम एकच. उडालेल्या पाण्याची भर गोड्या शुद्ध पाण्यानं आणि रोज. चार दिवसांची भर एकदम नको, कारण भर न घातलेली टाकी चार दिवसांत ३९ ला पोचते आणि मग एकदम ३५ वर येते. हा हेलकावाही जिवांना सोसत नाही. खारं पाणी घालायचं ते फक्त तेवढंच खारं पाणी काढल्यावर.

जुनं पाणी कुठे टाकायचं?

आठवड्याला १२ लिटर म्हणजे सुमारे ४२० ग्रॅम क्षार. वर्षाला ते २२ किलो होतात. एकदा मी जुनं पाणी घेऊन परसात निघालो होतो. आईनं दारातच अडवलं, “हे पाणी तुळशीले नको टाकू, वावरातही नको. मातीतून मीठ जात नसते.”

अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा पाहिलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. सोडियम वाढलं की काळी माती चिकट होते, पाणी मुरत नाही आणि कोरडी झाली की दगडासारखी होते. आपली जमीनही काळीच आहे. म्हणून हे पाणी झाडांना, शोषखड्ड्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. धुण्याभांड्याच्या पाण्याबरोबर पातळ करून गटारात जाऊ द्या. सिंदीच्या घरात समुद्र ठेवायची हौस आपली आहे, त्याचं मीठ शेजाऱ्याच्या विहिरीत उतरता कामा नये.

या आठवड्याचं काम थोडंच आहे. घरच्या पाण्याचा टी.डी.एस. मोजा, पिंप आणा, एकदा पाणी बनवून झाकून ठेवा आणि रेघ मारा. टाकीत अजून काही घालू नका. आठ दिवसांनी रेघ आणि रिफ्रॅक्टोमीटर दोन्ही पाहा. पाणी रेघेवर आणि माप ३५ वर असेल, तर तुमचं झाकण चांगलं बसतं आणि हातही नीट चालतो.

पुढच्या लेखांकात हे पाणी टाकीत भरू आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची वसाहत कशी उभी राहते ते पाहू. त्यांच्याआधी मासा आणायचा नाही.